एकाच प्लॉटवर तीन घरं, किंमत कशी काढायची? दोन रिपोर्टमध्ये जमीन-अस्मानाचा फरक

कृष्णाकाठ_८४

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही म्हणून लिहितोय, जरा सांभाळून घ्या.

सांगलीत आमचा ६ गुंठ्यांचा प्लॉट आहे, प्रॉपर्टी कार्डावर ६०७ चौरस मीटर. गावठाणाच्या बाहेर, पण नदीपासून फार लांब नाही. आजोबांनी १९४८ साली स्वतःच्या कमाईतून घेतलेला, खरेदीखत अजून घरात आहे. ५४ फूट रुंद आणि १२१ फूट खोल, समोर २० फुटी रस्ता. त्यावर आता तीन घरं आहेत. सगळ्यात पुढं रस्त्याला लागून आजोबांचं जुनं कौलारू घर, दगड-मातीच्या भिंती, सागवानी तुळया. त्यातल्या दोन खोल्यांत १९७२ पासूनचे भाडेकरू आहेत, एकेकाचं भाडं महिना १८० रुपये. मधे आमचं, वडिलांनी १९८४ ला बांधलेलं, विटांच्या भिंती वर स्लॅब, ९०० स्क्वेअर फूट. सगळ्यात मागं काकांचं, २००८ ला बांधलेलं आरसीसी, खाली ८०० आणि वर ७०० स्क्वेअर फूट. वरच्या मजल्याचा नकाशा मंजूर नाही, खालचा आहे.

आजोबा १९९१ ला गेले, मृत्युपत्र नाही. आजी २००३ ला गेली. कार्डावर वडील, काका आणि दोन्ही आत्या अशी चार नावं वारस म्हणून लागलेली आहेत. वाटणी कधी झाली नाही. घरपट्टी मात्र तीन वेगळ्या, लाइटची मीटर वेगळी, नळ वेगळे.

आता झालंय काय की चुलतभावाला घर दुरुस्तीला कर्ज पाहिजे होतं, बँकेच्या पॅनलवरच्या व्हॅल्युअरनी रिपोर्ट दिला २ कोटी १७ लाखांचा, आणि बँकेनी शेवटी कर्ज नाकारलंच. मग वडिलांनी दुसऱ्या एकाकडून आमच्या घराचा रिपोर्ट काढला तो आला जवळपास २ कोटी. चुलतभावानी दोन्ही आकडे एकमेकांत मिळवले आणि म्हणाला मिळकत ४ कोटी १७ लाखांची आहे, पुढचं घर धरलंच नाही अजून. हे मोठ्या आत्याच्या कानावर गेलं. तिच्या मनात आता एक कोटी बसलंय, आणि एक कोटी देण्याची ऐपत आमची पण नाही आणि काकांची पण नाही. गौरीच्या जेवणाला दरवर्षी चारही घरं एकत्र बसतात, यंदा धाकटी आत्या आली नाही. आई दोन दिवस धड जेवली नाही.

मला कोणाला फसवायचं नाहीये. आत्यांचं जे आहे ते त्यांना मिळालंच पाहिजे. फक्त खरा आकडा काय आणि तो काढतात कसा हे कोणीतरी नीट सांगा.

जोतं_ते_स्लॅब

दादा, मी कोल्हापूरकडं व्हॅल्युएशनचं काम करतो, बावीस वर्षं झाली. तुमची केस वाचून पहिली गोष्ट जी डोळ्यात भरली ती सांगतो, दोन्ही रिपोर्टमध्ये जमीन पूर्ण धरलीय. ६५३४ स्क्वेअर फूट गुणिले ३००० केलं तर १ कोटी ९६ लाख होतात, त्यात काकांचं घर मिळवलं की पहिला आकडा येतो आणि तुमचं मिळवलं की दुसरा. दर तीन हजारच धरलाय ना दोघांनी? म्हणजे तुमच्या चुलतभावानी बेरीज केली तेव्हा एकच जमीन दोनदा विकली गेली. घरं तीन असोत नाहीतर दहा, जमीन एकदाच मोजायची. एवढं एक आत्यांना कागदावर दाखवा, निम्मं भांडण तिथंच उतरेल.

व्हॅल्युअर चुकले असं मी लगेच म्हणणार नाही कारण प्रत्येकाला एकाच घराचं काम सांगितलं होतं आणि कार्ड एकच आहे, तर कार्डाप्रमाणं जमीन लिहिली गेली. पण अर्जदाराचा हिस्सा अविभक्त आहे हे रिपोर्टात ठळक लिहायला पाहिजे होतं. बँकेनी कर्ज नाकारलं ते पण याच्याचमुळं, उद्या हप्ते थकले तर बँकेनी विकायचं काय, मागच्या घराला स्वतंत्र कार्ड नाही, हद्द नाही, वाट नाही. चारही मालकांनी गहाणखतावर सह्या केल्या तर गोष्ट वेगळी होती.

आता इमारतींचं. लोक म्हणतात आज बांधायला एवढा खर्च येतो म्हणजे घराची किंमत तेवढी, तसं नसतं. आजचा बांधकाम खर्च धरायचा आणि वयाप्रमाणं घसारा वजा करायचा. साधी रीत अशी की आयुष्य संपल्यावर १० टक्के भंगार किंमत उरते असं धरून उरलेले ९० टक्के आयुष्यभरात सारखे विभागायचे. तुमचं घर ४१ वर्षांचं, अशा भिंतींवर उभ्या घराचं आयुष्य मी ५० धरतो, म्हणजे ७३.८ टक्के घसारा. ९०० फुटाला १६०० नी १४ लाख ४० हजार, त्यातले उरतात पावणेचार लाख आणि वर थोडे. काकांचं १७ वर्षांचं, आरसीसीला ६० धरलं तर घसारा २५.५ टक्के, १५०० फुटाला १९०० नी साडेअठ्ठावीस लाख, उरतात २१ लाख २३ हजार. बँकेसाठी असेल तर वरचा मजला धरायचाच नाही, नुसता मंजूर ८०० फुटांचा हिशोब, तो सव्वाअकरा लाखांच्या आसपास येतो. घरातल्या वाटणीला वरचा धरा, पण नियमित करायला जो खर्च येईल तो काकांच्या माथी ठेवा. आजोबांच्या घराची इमारत म्हणून किंमत आता नाही, पण सागवान, कौलं, घडीव दगड याला गिऱ्हाईक असतं, पाडायचा खर्च वजा करून जे उरेल ते लिहायचं.

आणि जमिनीचा दर सगळीकडं सारखा धरायचा का, हा खरा मुद्दा आहे. १२१ फूट खोल प्लॉटच्या तोंडाच्या जागेला जो भाव तो मागच्या भिंतीजवळच्या जागेला कोण देतो का? अशा खोल प्लॉटला आम्ही पट्टे पाडतो. पहिला पट्टा पूर्ण दरानी, दुसरा दोन-तृतीयांश दरानी, तिसरा निम्म्या. समजा पुढचे ४० फूट पहिला पट्टा, पुढचे ६० फूट दुसरा, राहिलेले २१ फूट तिसरा. पहिल्याचे ६४ लाख ८० हजार, दुसऱ्याचे पण बरोबर ६४ लाख ८० हजार, तिसऱ्याचे १७ लाख १ हजार. एकूण १ कोटी ४६ लाख ६१ हजार. म्हणजे इमारती धरून सगळी मिळकत १ कोटी ७२ लाखांच्या आसपास, सव्वाचार कोटी कुठनं आले.

याचा काकांवर काय परिणाम होतो बघा. समजा मागचे ४० फूट त्यांच्याकडं आहेत. सपाट तीन हजारानी ती जागा ६४ लाख ८० हजारांची होते, चौथा हिस्सा होतो ४९ लाख, म्हणजे काकांनी बाकीच्यांना जवळपास १५ लाख ८० हजार द्यायचे. पट्ट्यानी तीच जागा ३७ लाख ५३ हजारांची, चौथा हिस्सा ३६ लाख ६५ हजार, म्हणजे द्यायचे फक्त ८८ हजार. प्लॉट तोच, घर तेच. म्हणून व्हॅल्युअरला फी देताना आधी विचारायचं, दर कसा लावणार आणि का.

दिवाणी_मिरज

वरच्यांनी किमतीचं छान सांगितलं, मी हक्काचं सांगतो कारण हक्क चुकला की किंमत कितीही बरोबर असली तरी उपयोग नाही.

घरपट्टी वेगळी आहे म्हणून जागा वेगळी होत नाही. करआकारणीच्या उताऱ्यावर नाव असणं म्हणजे कर भरणारा तो, एवढंच. मीटर, नळ, रेशनकार्ड यांचं पण तेच. माझ्याकडं दर महिन्याला एकजण तरी घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन येतो आणि मला फार वाईट वाटतं त्याला सांगताना.

तुमच्या आजोबांनी जागा स्वतः कमावून घेतली आणि मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळं हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणं आजी आणि चार मुलं सगळे सारखे वारस. आजी गेल्यावर तिचा हिस्सा परत चौघांत. म्हणजे प्रत्येकी चौथा, यात मुलगा-मुलगी फरक १९९१ सालीसुद्धा नव्हता. एक अडचण तेव्हा होती ती म्हणजे कलम २३, भाऊ राहत्या घराची वाटणी करेपर्यंत बहिणीला ती मागता येत नव्हती. २००५ च्या दुरुस्तीत ते कलमच काढून टाकलं. त्यामुळं आत्या आज सरळ वाटणीचा दावा लावू शकतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. हे घरात सगळ्यांना शांतपणे सांगा.

काकांनी आणि तुमच्या वडिलांनी स्वतःच्या पैशानी घरं बांधली, ते वाया जात नाही. एका सहहिस्सेदारानी सामायिक जागेवर खर्च करून बांधलं असेल तर वाटणीत शक्यतो तोच भाग त्याच्या वाट्याला द्यायचा, असं कोर्टं बघतात. पण पैसे त्यांचेच होते हे दाखवायला बिलं, बँकेची पासबुकं, त्यांच्या नावचा बांधकाम परवाना असलं काहीतरी लागतं. तोंडी कबुली असेल तर आत्ताच लिहून घ्या, सगळे हयात आहेत, आठवणी ताज्या आहेत. नाहीतर पुढची पिढी म्हणते की आजोबांच्या पैशातनं बांधलं.

कोर्टात गेलात तर १८९३ चा पार्टिशन ॲक्ट लागतो. जागेचे सोयीस्कर तुकडे पडत नसले तर कोर्ट सगळी मिळकत विकायला सांगू शकतं, आणि कोणी विक्री मागितली तर बाकीच्यांना मूल्यांकनाच्या किमतीला त्याचा हिस्सा घ्यायची संधी मिळते. आत्यानी उद्या कंटाळून हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला आणि त्यानी दावा लावला, तर कलम ४ प्रमाणं घरातला माणूस तो हिस्सा मूल्यांकन करून विकत मागू शकतो. सगळीकडं शेवटी गाडी येते मूल्यांकनावर. मग ते दहा वर्षांनी कोर्ट कमिशनरसमोर करण्यापेक्षा आज अंगणात बसून करा.

चौघांनी मिळून एकच व्हॅल्युअर नेमा, फी चौघांत. प्रत्येकानी आपापला आणला की प्रत्येकाचा आकडा आपल्या बाजूला झुकतो.

इचलकरंजीचा_सूत

मी काही यातला जाणकार नाही पण आमच्याकडं हे सगळं झालंय म्हणून लिहितोय.

आमचा प्लॉट यापेक्षा लहान, साडेचार गुंठे, तीन भाऊ. व्हॅल्युएशन केलं, वाटणीपत्र नोंदवलं, सगळ्यांनी एकमेकांना पेढे दिले. वाट कोणी लिहिलीच नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं की मागच्याला जायला डावीकडनं रस्ता आहे, लहानपणापासून आम्ही तिथनंच सायकली घालायचो, मग लिहायचं काय त्यात. सहा वर्षांनी पुढच्या भावाच्या मुलानी गाडी घेतली आणि त्या वाटेवर पत्र्याचं शेड मारलं. माझी आई मागच्या घरात, तिला अर्धांगवायू झालेला, ॲम्ब्युलन्स आत येईना. चौघांनी खुर्चीवर बसवून उचलून बाहेर आणली. ती आजपण डोळ्यासमोर येते.

नंतर वाट मोकळी झाली पण भाऊ भावाशी बोलत नाही अजून.

सेप्टिक टँक पण तसाच, आमचा टँक मधल्या भावाच्या हद्दीत निघाला मोजणी केल्यावर. आणि बोअर पुढच्याच्या. तर दादा, किंमत काढायच्या आधी मोजणी आणा, आणि नकाशावर घरं, वाट, बोअर, टँक, पाण्याच्या टाक्या, ड्रेनेजची लाइन सगळं दाखवा. वाट किती फूट रुंद ते आकड्यात लिहा. दहा फूट ठेवा, ॲम्ब्युलन्स आत आली पाहिजे. झाड कोणाचं ते पण लिहा, आमच्यात नारळावरनं झालंय.

कृष्णाकाठ_८४

सगळ्यांचे खूप आभार. @इचलकरंजीचा_सूत, तुमचं वाचून आईला पण वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, नुसती उठून आमच्या वाटेवरच्या कुंड्या बाजूला करून आली.

दोन गोष्टी राहिल्या विचारायच्या. एक म्हणजे ते भाडेकरू. चांगली माणसं आहेत, एक आजी एकट्याच राहतात, त्यांना काढायचं आमच्या कोणाच्या मनात नाही. पण पुढचा पट्टा पूर्ण दरानी धरला तर तो ज्याच्या वाट्याला जाईल त्याला प्रत्यक्षात ती जागा वापरता येणार नाही ना.

दुसरं पुराचं. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आमच्या मधल्या घरात खिडकीच्या वर होतं, तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलेली पातळी, धोक्याची ४५ आहे. २०२१ ला परत आलं. दोन्ही रिपोर्टमध्ये पुराचा उल्लेख एका ओळीचा पण नाही. विश्रामबागेतल्या, म्हणजे सांगलीतल्याच उंचावरच्या भागातल्या, प्लॉटचे व्यवहार धरून दर लावलाय असं दिसतंय, तिकडं आणि आमच्याकडं सारखं कसं असेल?

जोतं_ते_स्लॅब

दोन्ही बरोबर विचारलंत, आणि पट्ट्याचा हिशोब सांगताना भाडेकरूंचं मीच सोडलं होतं, ती माझी चूक.

भाडेकरू असलेल्या जागेची मालकाच्या हातातली किंमत म्हणजे येणारं भाडं भांडवलात बदलून जे होईल ते (तेवढं उत्पन्न मिळायला किती रक्कम गुंतवावी लागेल ती), आणि वर कधीतरी जागा मोकळी होईल तेव्हाच्या जमिनीचं आजचं मोल. तुमचं भाडं दोन्ही मिळून वर्षाला ४,३२० रुपये, त्यातनं घरपट्टी आणि कौलं शाकारायचा खर्च गेला की हातात काय राहतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानी वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, ते तुम्ही वाढवलेलं दिसत नाही. बाजारात असल्या जागेला गिऱ्हाईक आलं तर तो पहिल्यांदा विचारतो की भाडेकरूंना किती द्यावं लागेल, आणि तेवढं किमतीतून कापतो. उदाहरणाला म्हणून पुढच्या पट्ट्यातनं १५ लाख कमी करू, खरा आकडा त्या भागातल्या तडजोडी बघून ठरतो. मग जमीन राहते १ कोटी ३१ लाख ६१ हजार, चौथा हिस्सा ३२ लाख ९० हजार, आणि काकांनी द्यायची रक्कम ८८ हजारांवरनं ४ लाख ६३ हजारांवर जाते.

आता इचलकरंजीवाल्यांनी वाटेचं सांगितलं ते पण यात घाला, फार मोलाचं सांगितलं त्यांनी. दहा फुटी वाट रस्त्यापासून काकांच्या हद्दीपर्यंत ८१ फूट, म्हणजे ८१० स्क्वेअर फूट, आणि त्यातले ४०० फूट महागाच्या पट्ट्यातले. किंमत होते २० लाख २० हजार. ही सामायिक म्हणून बाहेर काढली की वाटायला राहतात १ कोटी ११ लाख ४१ हजार, चौथा हिस्सा २७ लाख ८५ हजार, काकांकडनं येणं ९ लाख ६८ हजार. वाट कोण किती वापरतो यावर हे परत हलवता येईल, मागच्याला ती रोज लागते, पुढच्याला लागतच नाही. मी आकडे अशासाठी मांडतोय की तुमच्या घरात कोणी लबाडी केली नसताना पण रक्कम ८८ हजारांपासून पावणेसोळा लाखांपर्यंत कुठंही जाऊ शकते. त्यामुळं चौघांना आधी पद्धत मान्य करायला लावा, आकडा नंतर.

पुराचं म्हणाल तर विश्रामबागेचे व्यवहार धरणं मला अजिबात पटत नाही, त्या उंचवट्याचा भावच वेगळा. तुमच्याच गल्लीतले, नाहीतर तेवढंच पाणी चढलेल्या शेजारच्या गल्लीतले व्यवहार घ्या, आणि २०१९ च्या ऑगस्टनंतरचेच. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, फुकट बघता येते, गाव, वर्ष आणि सिटी सर्व्हे नंबर टाकायचा. दस्तात लिहिलेला भाव खराच असेल असं नाही, पण पाच-सहा दस्त बघितले की अंदाज येतो. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनी ठरवलेला, दर वेगळ्या कामाचा, त्याच्यावर मुद्रांक शुल्क ठरतं. पाणी किती दिवस थांबलं हे तो दर विचारात घेत नाही.

आणि प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत येतो का तांबड्या-निळ्याच्या मधे ते पाटबंधारे खात्याच्या नकाशावर बघून घ्या. निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत असलात तर मोकळ्या जागेवर नवीन बांधकामाची आशा धरून दर लावताच येत नाही. दोन्हीच्या मधे असलात तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यायची अट येते, तो भरावाचा खर्च जमिनीच्या किमतीतनं जातो.

बिल्डरला द्यायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो हिशोबच वेगळा. तो तिन्ही घरांना शून्य धरतो, काकांच्या सतरा वर्षांच्या घराला पण, आणि पाडायचा खर्च वर लावतो. रस्ता ९ मीटरच्या आत असला की गावठाणाबाहेर १.१ च्या वर (म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकामाच्या वर) पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि दुसरीकडनं विकत आणायचा बांधकाम हक्क, टीडीआर, मिळत नाही, तुमचा २० फुटी म्हणजे ६ मीटरच. त्यामुळं शेजारच्या रुंद रस्त्यावरच्या बिल्डरनी दिलेला भाव तुम्हाला लागू होत नाही. राहायचं असेल तर एक किंमत, विकायचं असेल तर दुसरी. रिपोर्टच्या पहिल्या पानावर उद्देश लिहून घ्या, वाटणीसाठी म्हणून.

आत्यांनी पैसे घेऊन हक्कसोडपत्र केलं तर त्यांना कॅपिटल गेनचा, म्हणजे नफ्यावरच्या कराचा, प्रश्न येऊ शकतो, त्यासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत लागेल, आणि ती त्या वेळच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. एकाच व्हॅल्युअरकडनं आजची आणि २००१ ची अशी दोन्ही काढून घ्या, सीएला दाखवा. परत परत फी नको.

बे_एरियावाली

माझं माहेर सांगलीचं, खणभाग. म्हणून धागा पूर्ण वाचला आणि २०१९ चं वाचून पोटात कालवलं, बाबांना तेव्हा बोटीतून काढलं होतं.

इकडे कॅलिफोर्नियात आम्ही सॅन होजेला घर घेतलं त्याच्या मागच्या अंगणात आधीच्या मालकानी एक छोटं स्वतंत्र घर बांधलेलं होतं, त्याला इथं एडीयू म्हणतात. मालक म्हणत होता मी एवढा खर्च केलाय तर तेवढे वर द्या. बँकेच्या अप्रेझरनी, म्हणजे इथल्या व्हॅल्युअरनी, ते मान्य केलं नाही, त्यानी आसपासची अशीच मागे छोटं घर असलेली विकली गेलेली घरं शोधली आणि लोकांनी त्या मागच्या घरासाठी प्रत्यक्षात किती जास्त मोजले ते बघून आकडा लावला, तो बांधकाम खर्चापेक्षा बराच कमी होता. तेव्हा इथं फॉर्मसुद्धा वेगळे होते, एक घर आणि सोबत एडीयू असेल तर १००४ नंबरचा, दोन ते चार घरांची मिळकत असेल तर १०२५. म्हणजे आधी हे ठरवतात की हे एक घर आहे का दोन. एडीयू वेगळं विकता येत नव्हतं, २०२३ च्या एबी १०३३ कायद्यानी शहरांना मुभा दिली आणि आमच्या सॅन होजेनी २०२४ मध्ये ती वापरली, आता कागदोपत्री वेगळं करून विकता येतं. वेगळं विकता यायला लागलं की त्याच भिंतींची किंमत बदलते, हे मात्र तिथं आणि इथं सारखंच दिसतंय. स्वतंत्र प्रॉपर्टी कार्ड होणार असतील तर मागच्या घराची किंमत तेव्हा वेगळी काढावी लागेल का, हे पण विचारून ठेवा.

दिवाणी_मिरज

ताईंचा प्रश्न बरोबर आहे. नुसतं वाटणीपत्र नोंदवलं म्हणून कार्ड फुटत नाही, महापालिकेकडनं पोटविभाजनाची मंजुरी, मग भूमी अभिलेखकडनं पोटहिश्शाची मोजणी, मग वेगळी कार्डं. त्यात प्रत्येक तुकड्याला नियमाप्रमाणं रस्ता मिळतो का हे बघतात. तुमच्या दहा फुटी वाटेवर ते होईल का नाही हे आधी आर्किटेक्टला विचारा, पैसे द्यायच्या आधी. नाही झालं तर कार्ड एकच राहील, नावं चौघांची किंवा ज्यांनी हक्क सोडला त्यांची वगळून, आणि कोणी कुठला भाग वापरायचा हे करारात. मग काकांच्या घराला स्वतंत्र कार्डाचा भाव लावू नका, आणि चुलतभावाला कर्ज पाहिजे असेल तर बाकीच्यांची सही लागणारच हे त्याला आत्ताच कळू दे.

वाटणीपत्राचं मुद्रांक शुल्क सगळ्यात मोठा हिस्सा सोडून बाकीच्यांवर बसतं, तेव्हा हिस्से ठरवताना ते पण हिशोबात घ्या.

कृष्णाकाठ_८४

काल रात्री काका, वडील आणि मी तिघं पुढच्या घरात बसलो, आजोबांच्या खोलीत. मी जोतं_ते_स्लॅब यांचा हिशोब वहीवर मांडून दाखवला. चुलतभाऊ आधी उभाच होता दारात, जमीन दोनदा धरलीय हे दिसल्यावर आत येऊन बसला आणि त्यानीच मोठ्या आत्याला फोन लावला. म्हणाला, आत्या माझी बेरीज चुकली होती, मी तुला चुकीचं सांगितलं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं की वाट किती फुटाची ठेवणार.

मोजणीचा अर्ज चौघांच्या सहीनं देतोय, धाकट्या आत्याची सही आणायला मी रविवारी तासगावला जातोय. व्हॅल्युअर एकच नेमायचा हे काकांनी मान्य केलंय. पुढच्या आजींना आम्ही सांगितलं की मोजणीवाले येतील, घाबरू नका, तुमची खोली कुठं जात नाही.

एक शेवटचं विचारतो, मोजणीच्या दिवशी सेप्टिक टँकचं झाकण उघडून ठेवावं लागतं का? आमचं १९८४ चं फरशीखाली गेलंय, आधी शोधायला पाहिजे.

इचलकरंजीचा_सूत

मोजणीवाल्यांना उघडं लागत नाही, नकाशावर टँक दाखवायला आर्किटेक्ट लागतो. पण शोधून ठेवा नक्की. ज्या गवंड्यानी बांधलं त्याच्या घरचं कोणी असेल तर विचारा, आमचा तसाच सापडला.